कागदातलं आणि डब्यातलं

चंद्रकांताबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला केलेला पाटोडीचा रस्सा सगळ्यांना फार आवडला, आणि तिथूनच त्या दिवसाचं बिनसलं.

भंतेजी नियमाप्रमाणे बाराच्या आत जेवून गेले होते. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, फोटोपुढच्या मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या. मग अंगणातल्या मांडवात पंगती बसल्या. धान घरात येऊन पडलं होतं, लोक मोकळे होते. लाखनीहून, तुमसरहून, जंगलाकडच्या खेड्यांतून माणसं साकोलीला आली होती. आनंदराव मांडवाच्या खांबाशी उभे राहून प्रत्येकाला "सावकाश होऊ द्या" म्हणत होते, आणि हात धुवायला उठलेला जो तो त्यांना एकच गोष्ट ऐकवून जात होता.

"सर, अगदी वहिनीच्या हातची चव होती जी."

"मले तं वाटलं, चंद्रकांताच उठून आली अन् रांधून गेली," एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं पदर डोळ्याला लावला.

आनंदरावांना बरं वाटत होतं. त्यांनी स्वतः रस्सा अजून चाखला नव्हता. घरच्यांनी शेवटी बसायचं, ही रीत चंद्रकांताबाईंनीच घातलेली. वर्षभरात घरातल्या कितीतरी रीती कुणाच्या लक्षात न येता मोडल्या होत्या. ही एक तेवढी त्यांनी नेटानं धरून ठेवली होती.

शेवटची पंगत उठली तसे ते मधल्या खोलीत गेले. दुपार कलली की त्यांच्या मुलीची, भावनाची, गाडी नागपूरला निघणार होती. तिथून विमान, आणि मग अमेरिका. पलंगावर तिची खाऊची पिशवी तोंड उघडून बसली होती. आनंदरावांनी तिच्यात हात घातला. पापड लागले. लाखोळीच्या डाळीची थैली लागली. तिखटाची बरणी, तिच्यावर भावनाचा जुना स्वेटर गुंडाळलेला. तिखट आणि पापड यांच्यामधे आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं एक पुडी ठेवली होती. वर्तमानपत्राच्या कागदाची, वरून पांढरा दोरा बांधलेली. मोडू नये म्हणून मुद्दाम पापडांच्या आडोशाला.

त्यांनी पुन्हा हात घातला. मग सगळी पिशवी पलंगावर पालथी केली.

"भावना, तू पुडी हलवली का?"

"नाही, बाबा. तुम्हीच म्हटलं ना, विमानात बसेपर्यंत हात लावू नको."

"जीवन?"

जीवन, त्यांचा मुलगा, मांडववाल्याशी हिशेबाचं बोलत दारात उभा होता. त्यानं तिथूनच मान फिरवली. "मी कायले घेऊ तुमच्या दगडफुलाले?"

स्वयंपाकघरात पार्वताबाई पाटा धूत होत्या. आनंदरावांची ही थोरली बहीण तुमसरहून दोन दिवस आधी आली होती आणि आल्या आल्या तिनं चुलीचा ताबा घेतला होता. मिक्सरमधे वाटलेला मसाला म्हणजे मसाल्याचं मढं, असं तिचं मत.

"कोणती पुडी?" ती आतूनच म्हणाली. "पोरीच्या पिशवीतली? ते तं मी सकाळीच घेतली."

"घेतली म्हणजे, बाई?"

"मसाल्यात घातली. दगडफुलाचा डबा खाली होता तुमचा. ज्योत्सना म्हणे, दुकानातून आणते. मी म्हटलं, राहू दे वो. पोरगी अमेरिकेले दगडफूल घेऊन चालली अन् तिच्या मायच्या तेरवीच्या..." तेरवी हा शब्द या घरात चालत नाही हे आठवून ती थबकली. "आजच्या रश्श्याले नको का? मूठभर तं होतं. जरा भाजलं, वाटलं. वास सुटला तं डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"अन् कागद?"

"कागदाचं काय करतेत? चूल पेटवली."

जीवनची बायको ज्योत्सना भांडी पुसत होती. तिच्या हातातलं ताट आवाज न करता खाली गेलं.

या घरात दगडफूल दोन जागी असे. एक मसाल्याच्या मांडणीवर, पितळी झाकणाच्या डब्यात. ते आठवडी बाजारातलं. दुसरं आनंदरावांच्या कपाटात, वर्तमानपत्राच्या पुड्यांत, दोरा बांधून, ते विज्ञानातलं. लग्न होऊन आलेल्या चंद्रकांताबाईंनी पहिल्याच वर्षी एका पुडीला हात घातला होता आणि नवऱ्याचा पांढराफटक चेहरा पाहून तिथल्या तिथे कायदा केला होता: कागदातलं तुमचं, डब्यातलं माझं. कायदा दोघांपुरताच असल्यामुळे तो तिसऱ्या कुणाला सांगायची वेळच आली नाही. भावना घरात वाढली म्हणून तिला थोडंफार ठाऊक. पार्वताबाईंना कुठून असणार? त्यांच्या लेखी दगडफूल ते दगडफूल. पिशवीत तिखटाशेजारी, पापडांशेजारी ठेवलेलं.

आणि तिथं ते ठेवलं कुणी, हेही आनंदरावांना पक्कं ठाऊक होतं.

"आत्या, अवो, ते मसाल्याचं नव्हतं," भावनाचा आवाज फुटला. "ते तिथल्या संग्रहालयात द्यायचं होतं. किती खटपटीनं परवानगी आणली होती. ती तिथली बाई वाट पाहून राहिली."

"कोणती बाई? तुझ्या बापाची?"

कुणीच हसलं नाही. एरवी या थट्टेवर घर हसत असे. कारण आनंदरावांची एक बाई होती खरी, आणि तिला सवत म्हणायला सुरुवात चंद्रकांताबाईंनीच केली होती.

तिचं नाव एलिझा होल्ब्रूक. या घरात होल्ब्रूकबाई. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात, रेल्वे नुकती नुकती येऊ लागली त्या काळात, ती मुलींच्या शाळेत शिकवायची. बाप थडग्यांचे दगड घडवणारा. बापाच्या जुन्या दगडांवर जे राखाडी, पिवळे, शेवाळी डाग धरायचे, ते काय आहे हे तिला कुणी सांगेना, म्हणून तिनं स्वतःच भिंग घेतलं. पुढे जन्मभर ती दगडांना आणि झाडांच्या सालींना डोळा लावून बसली. टोपली घेऊन टेकड्या चढायची, पावसात दगडफूल फुगून हिरवं झालं की खुश व्हायची, पुड्या बांधून दूरदूरच्या विद्वानांना धाडायची. नावाची फक्त आद्याक्षरं लिहायची. विद्वान उत्तरात 'प्रिय महाशय' लिहायचे, आणि तीही त्यांना दुरुस्त करायची नाही. नागपुरात शिकत असताना रद्दीच्या ढिगात आनंदरावांना तिच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलेलं तिचं छोटंसं चरित्र सापडलं, तेव्हापासून ती त्यांच्या मानेवर बसली. साकोलीच्या कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि तिचं चरित्र मराठीत लिहीत राहिले. आपल्याला लिहिता येतं का, हे विचारायचं धैर्य त्यांना कुणापाशी झालं नाही. चंद्रकांताबाईंना मात्र ते संध्याकाळी पानंच्या पानं वाचून दाखवत, आणि त्या भाजी निवडता निवडता ऐकत.

दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे, दोन. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, हे त्यांनी बायकोला असंच एका संध्याकाळी समजावलं होतं. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न करतं.

"म्हणजे तुम्ही बुरशी," चंद्रकांताबाई म्हणाल्या होत्या, "अन् मी रांधते."

"पण होल्ब्रूकबाईंनी हे शेवटपर्यंत मानलं नाही. त्या म्हणायच्या, एकच जीव आहे."

"एकटी राहत होती ना ती. तिले कसं समजन?"

त्या बाईंच्या आयुष्यातली एकच गोष्ट चंद्रकांताबाईंच्या मनाला लागली होती. होल्ब्रूकबाईंकडे नोरा नावाची स्वयंपाकीण होती. एकदा बाई शाळेत गेलेल्या असताना नोरानं घर आवरलं आणि कोपऱ्यातल्या कागदाच्या पुड्या कचरा समजून शेगडीत घातल्या. अख्ख्या हंगामाची मेहनत. विद्यार्थिनीनं लिहिलं होतं की बाई संध्याकाळी घरी आल्या, शेगडीपाशी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा टेकडी चढल्या. टोपली नोराच्या हातात होती.

चंद्रकांताबाईंनी हातातली भाजी खाली ठेवून विचारलं होतं, "मग त्या दिवशी ती जेवली का?"

"ते दिलं नाही."

"असं कसं दिलं नाही? पाहा ना नीट. नोरानं रांधलं असन ना संध्याकाळी. ती जेवली का नाही?"

त्यांनी नीट पाहिलं. भावनाला तिकडे नोकरी लागल्यावर तिच्याकडून तिथल्या ग्रंथालयातली कागदपत्रं मागवली. कुठंच काही नव्हतं. दगडफुलांची मापं होती, रंग होते, कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगाला ते सापडलं ते होतं. बाई जेवली की नाही हे कुणी लिहिलं नव्हतं. आनंदरावांचं पुस्तक त्या शेगडीपाशी येऊन अडलं ते अडलंच. चंद्रकांताबाई अधूनमधून, अगदी दवाखान्यातसुद्धा, विचारायच्या: "सापडलं का?" आणि ते मान हलवायचे.

"आत्या, तुले विचाराले काय झालं होतं?" जीवनचा आवाज एकदम चढला, तसे आनंदराव भानावर आले. "दुसऱ्याच्या पिशवीत हात घालतेस?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वडिलांच्या पुड्यांना जन्मभर कचरा म्हणणारा जीवन. आई आजारी असताना 'बाबांना तिच्यापेक्षा त्या मेलेल्या गोऱ्या बाईची काळजी' असं चारचौघांत बोललेला जीवन. आज तोच बापाच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि हे त्याचं त्यालाही नवीन असावं; कान लाल झाले होते.

"माझ्या भावाचं घर आहे हे," पार्वताबाई म्हणाल्या. "मी काही चोरी केली का?"

"चोरी नाही तं काय? रांधाची हौस तुझी, अन्..."

"जीवन, आत्याशी असं नाही बोलायचं," ज्योत्सना हळूच म्हणाली. "मीच डबा भरून ठेवला नाही. माझीच चूक."

"तुझी कायची चूक?"

"अन् टेकडीवर जाऊन दुसरं आण ना गा," पार्वताबाईंनी भावाकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धास्ती होती. "दगडावरच उगवते ना ते? आज गाडी चुकली तं पोरगी उद्या जाईन."

"टेकडी नाही, बाई," आनंदराव म्हणाले. "क्रशरवाल्यांनी पांढरटेकडी फोडली. गिट्टी होऊन रस्त्यात गेली."

ते पलंगाच्या कडेवर बसले. बोलायचं नव्हतं त्यांना. पण भावना रडत होती, जीवन तावातावानं उभा होता, आणि बाई, जिनं त्यांना आई गेल्यावर कडेवर वाढवलं, ती पाटा धुतलेल्या ओल्या हातांनी दारात खांबासारखी थिजली होती. काहीतरी सांगायलाच हवं होतं.

"ते मी शोधलं नव्हतं," ते म्हणाले. "चंद्रकांतानं शोधलं. मी त्या दगडावरून कितीदा गेलो असन. उन्हाच्या बाजूनं पाहत होतो. ती थकली म्हणून सावलीच्या अंगाले बसली, तिथं पाणी पाझरत होतं, अन् म्हणे, हे पाहा, माझी सवत. पानासारखं पसरलं होतं. आपल्या इकडे दगडावर असं होत नाही सहसा. तिनं केसातली पिन काढून सोडवलं ते. नवीन जात असन का, मले नाही माहीत. नसन. मी मोठा जाणकार नाही. पण पुडीवर शोधणाऱ्याचं नाव लिहावं लागते. मी तिचं लिहिलं होतं."

त्यांनी पलंगावरची तिखटाची बरणी उचलून पिशवीत ठेवली.

"होल्ब्रूकबाईच्या पुड्या ज्या कपाटात आहेत, त्याच कपाटात ठेवू म्हणाले होते ते लोक. बस. एवढंच होतं."

जीवन खाली बसला. दारातच, उंबऱ्याला टेकून. "आईचं नाव?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं नाही कधी."

"तू विचारलं नाही," भावना म्हणाली, पण तिच्या बोलण्यात धार नव्हती.

पार्वताबाईंनी पदरानं हात पुसले. खूप वेळ पुसले. मग त्या आत गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आत्याबाई, पानं घेऊ का?" ज्योत्सनानं विचारलं. "घरचे सगळे राहिले."

"त्यांले वाढ. मी नाही जेवत आज."

"असं काय करता?"

"उद्याही नाही जेवत. भावजयीचं नाव वाटून खाल्लं मी. माझ्या हातानं."

ज्योत्सनानं पानं घेतली. भावनानं डोळे धुतले आणि भावाशेजारी येऊन बसली. कित्येक वर्षांत ती दोघं अशी एका ओळीत बसली नव्हती. आनंदराव आपल्या जागी बसले. पानात भात आला, वाटीत रस्सा आला. काळसर तांबडा, वर तेलाचा तवंग, त्यात पाटोडीचे चौकोन. कुणी हात लावला नाही. जीवन बापाकडे पाहत होता, भावना पाहत होती.

आनंदरावांना रस्सा उचलवेना. तो वास. लाकडाचा, ओल्या मातीचा, थोडा समुद्रासारखा. पुडी उघडली की कपाटातून येणारा. हे खायचं म्हणजे काय खायचं? त्यांना वाटलं, उठावं. तब्येतीचं कारण सांगावं. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

चुलीपाशी बाईची पाठ दिसत होती. पातळ, वाकलेली. मान किंचित कललेली, कान इकडे. ती ऐकत होती. ताटावर हात पडल्याचा आवाज येतो की नाही, एवढंच ती ऐकत होती.

आणि त्यांना नोरा दिसली.

इतकी वर्षं त्यांनी शेगडीपाशी उभ्या असलेल्या होल्ब्रूकबाईंकडेच पाहिलं होतं. तिच्यामागे, त्याच खोलीत, दुसरी बाई उभी होती हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं रांधलं होतं. ताट मांडलं होतं. आणि ती अशीच पाठ करून ऐकत उभी असणार. बाई जर त्या संध्याकाळी उपाशी उठल्या असत्या, तर नोरा दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन त्यांच्यामागे टेकडी चढली नसती. गाठोडं बांधून निघून गेली असती. ती तर बाईंच्या मरणापर्यंत त्यांच्या घरी होती. ते पुस्तकात होतं. पहिल्या दिवसापासून होतं. टोपली नोराच्या हातात होती, यातच ते होतं, आणि त्यांनी ते मराठीत उतरवून काढलं होतं, बायकोला वाचून दाखवलं होतं, आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

चंद्रकांता असती तर म्हणाली असती, मी तेच तं विचारून राहिली होती.

त्यांनी भातावर रस्सा ओतला.

"बाई," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. तुझं पान घे."

"नाही गा, आनंदा."

"ये म्हणतो ना. तू नाही बसली तं मी पण उठतो. गावानं पोटभर खाल्लं, मीच राहिलो."

पार्वताबाई उठल्या. त्यांचे गुडघे वाजले. ज्योत्सनानं पाट सरकवला, जीवननं आत्याच्या पानात भात वाढला, आणि पाण्याचा गडवा तिच्या हाताशी आणून ठेवला. एवढ्यावर त्या दोघांचं मिटलं. त्या घरात माफी याहून मोठ्यानं कधी मागितली गेली नव्हती.

आनंदरावांनी पहिला घास घेतला. लोक म्हणत होते ती चव त्यांना सापडली नाही. चंद्रकांताच्या रश्श्यात खोबरं कमी असे. हा बाईचा रस्सा होता, सरळ सरळ तुमसरचा. दुसऱ्या घासाला दाताखाली बारीकसं काही कचकलं. वाळूचा कण. बाजारचं दगडफूल निवडून घेतात, त्यात खडा राहत नाही. हे दगडावरून पिनेनं खरवडलेलं होतं. पांढरटेकडी इतकीशी उरली होती. त्यांनी जीभ थांबवली. बाजूला काढून ठेवावा का, असं क्षणभर वाटलं. मग पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी तो गिळून टाकला.

बाहेर मांडववाले बांबू उपटत होते. महामार्गावरून ट्रक जाताना ताटं नेहमीसारखी थरथरली.

"जेवली असन," आनंदराव म्हणाले. कुणाला, ते कुणालाच समजलं नाही. ते दाराजवळच्या रिकाम्या पाटाकडे पाहत होते. तिथं बसून एक बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायची.

"कोण?" पार्वताबाईंनी विचारलं.

"अमेरिकेची बाई. चंद्रकांता विचारत होती. तिले सांगाचं राहून गेलं."

पार्वताबाईंनी हात तसाच ताटात ठेवून भावाकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी पळी उचलली.

"मग तिलेही वाढू का एक पान?"

"नको," आनंदराव म्हणाले आणि आपली वाटी पुढे केली. "तिचं झालं. मले वाढ."